न बिघडलेलं इंजिन

चालत्या वस्तूचा आमच्या थोरल्या साडूंइतका मोठा वैरी अख्ख्या नाशिक जिल्ह्यात सापडायचा नाही. बंद पडलेल्या वस्तूकडे ते ढुंकूनही बघत नाहीत. त्यांचे हात शिवशिवतात ते ठणठणीत चालणाऱ्या वस्तूवर. सातपूरच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये त्यांनी उभी हयात काढली. यंत्र बंद पडण्याआधीच उघडायचं, असा तिथे नियम होता. कारखान्याने तो यंत्रांपुरता ठेवला, साडूंनी घरी आणला. कुकर नीट शिट्ट्या देत असताना त्याची रिंग बदलायची, दिवाळीत छत्रीच्या काड्या तपासायच्या, न गळणाऱ्या नळाचा वॉशर काढून बघायचा. माझ्याकडे सत्यनारायणाला आले आणि कथेच्या तिसऱ्या अध्यायाला स्टुलावर चढले. बाहेर मे महिना, आत साठ माणसं, आणि हे पंखा उतरवतायत! मी ओरडलो, "दादा, चालू होता ना तो!" तर वरूनच म्हणाले, "चालू होता म्हणूनच उतरवला, शेट. बंद पडलेला कोणीही उतरवेल." गुरुजींनी उरलेले अध्याय उपरण्याने वारा घेत सांगितले.

मी त्यांना दादा म्हणतो, ते मला शेट म्हणतात. त्या 'शेट'मध्ये मान किती आणि टोमणा किती, हे मला अजून कळलेलं नाही. मी कोथिंबिरीच्या जुड्या विकत मोठा झालो. आज द्राक्षांच्या खोक्यांचा माझा स्वतःचा कारखाना आहे. सौद्यात मला आजवर कोणी गुंडाळलेलं नाही. एकदाच गुंडाळलं गेलं, आणि तेही घरातल्याच माणसाकडून.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला देवळाली कॅम्पात एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या बंगल्यामागे ती गाडी उभी होती. दोनच माणसांची, उघड्या टपाची, लाल विलायती स्पोर्ट्स कार. सीटवर एक कोंबडी अंड्यांवर बसलेली. साडूंना गाडी इतकी आवडली, की ते त्यांच्या तोंडावर दिसायला लागलं. म्हणून मी त्यांना फाटकाबाहेर उभं केलं आणि तीन दिवस एकट्याने घासाघीस केली. तिसऱ्या दिवशी मी रागाने उठून फाटकापर्यंत चालत गेलो, तेव्हा म्हातारा म्हणाला, "घेऊन जा बाबा, पण आता ओरडू नकोस." त्या भावात साडूंना गाडी मिळाली, जॅक मिळाला, स्टेपनी मिळाली आणि कोंबडीही मिळाली. मी दलाली घेतली नाही. एकच अट घातली: माझ्या मुलीची वरात या गाडीतून निघेल. नवरदेवाने चालवायची, शेजारी माझी लेक. लेक तेव्हा चौथीत होती. साडूंनी माझ्या हातावर हात मारून शब्द दिला, आणि पोरगी आठवडाभर घरात तोंडाने हॉर्न वाजवत हिंडली.

पुढे ती गाडी रस्त्यावर कमी आणि टेबलावर जास्त राहिली. दर दोन वर्षांनी साडू तिचं इंजिन बाहेर काढायचे. पिस्टन वर्तमानपत्रावर ओळीने, नटबोल्ट इडलीपात्राच्या खळग्यांत, प्रत्येक खळग्याला खडूने नंबर. त्यांची बायको, म्हणजे माझी थोरली मेहुणी, तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो. अक्काने तीन वेळा नवं इडलीपात्र घेतलं, पण आम्हाला तिच्या हातची एक इडली मिळाली नाही. "मी कूस बदलली तरी उठून बसतात," ती माझ्या बायकोला सांगायची, "म्हणतात, आवाज कसला आला?" इंजिन पुन्हा जोडताना प्रत्येक नट आवळून झाला की साडू त्याच्यावरून खाली इंजिनापर्यंत पिवळ्या रंगाची एक बारीक रेघ ओढायचे. नट केसभर फिरला तरी रेघ तुटलेली दिसावी, ही त्यांची टूलरूमची पद्धत. रेघ अशी सरळ, की पट्टी लावल्यासारखी. त्यानंतर इंजिन 'बसेपर्यंत', म्हणजे जोडलेले भाग एकमेकांत मुरेपर्यंत, गाडी चाळीसच्या वर न्यायची नाही. शर्यतीसाठी जन्मलेल्या त्या गाडीला त्र्यंबक रोडवर टोमॅटोचे टेम्पो मागे टाकायचे. एकदा सायकलला दुधाच्या किटल्या लावलेला एक गडी आमच्या बाजूने पुढे जाताना म्हणाला, "बाबा, बंद पडली का? लय जुनी हाय." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, साडू मात्र खूश. "बघा शेट, इंजिनाचा आवाजच नाही. त्याला बंद वाटली!" आणि इंजिन बसतंय न बसतंय तोवर दोन वर्षं भरलेली असायची.

"दादा, काय बिघडलंय तिचं?"

"काहीच नाही."

"मग उघडता कशाला?"

"मग काय, बिघडायची वाट बघू?"

मुलीच्या लग्नाला चार दिवस उरले होते. मी मखमलाबादच्या फुलवाल्याला घेऊन साडूंच्या शेडमध्ये गेलो, झेंडूच्या माळांसाठी गाडीचं माप घ्यायला. बॉनेट भिंतीला टेकवलेलं, इंजिन टेबलावर सुटं. फुलवाला हातात सुतळी धरून म्हणाला, "शेठ, माप कशाचं घेऊ?" मी तेव्हा जे काही बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेजारपाजारचे बाहेर आले. साडू शांतपणे म्हणाले, "पोर बसणार आहे तिच्यात, म्हणून उघडलं. तुम्ही बसणार असता तर नसतं उघडलं." फक्त क्रँक, म्हणजे पिस्टन फिरवतात तो दांडा, घासून यायचा होता, एका दिवसाचं काम. नेमकी त्या दिवशी घासणाऱ्याच्या वर्कशॉपला वीजकपातीची सुट्टी, आणि दुसऱ्या दिवशी त्याचा माणूस आला नाही. वरात भाड्याच्या पांढऱ्या ॲम्बेसेडरमधून निघाली. निघण्याआधी साडू कोट घालून, नखांत काळं तेल, पिशवी घेऊन आले. पिशवीत लाल गाडीचा हॉर्न होता. तो त्यांनी ॲम्बेसेडरला जोडून दिला. "गाडी नाही, निदान आवाज तरी तिचाच," म्हणाले. लेक हसत हसत रडली आणि वाटभर हॉर्न वाजवत सासरी गेली. मी मात्र वर्षभर साडूंशी बोललो नाही. दिवाळीला सासऱ्यांकडे आमची पानं शेजारीशेजारी मांडतात. मी मीठसुद्धा बायकोमार्फत मागितलं.

गेल्या वर्षी त्यांनी पुन्हा इंजिन उघडलं. नेहमीपेक्षा दुप्पट दिवस लागले. मी चिडून बघायला गेलो, तर काम संपलं होतं. पिवळ्या रेघा बघितल्या. पहिल्या काही सरळ होत्या. पुढच्या वाकड्या होत गेल्या, आणि शेवटच्या तर बालवाडीतल्या पोराने ओढल्यासारख्या. साडूंनी उजवा हात खिशात घातला. "आता दहा वर्षं उघडायला नको," ते म्हणाले. इतकी वर्षं मी याच वाक्यासाठी घसा फोडला होता. ते फुकट हातात पडलं, आणि मी पुन्हा त्या वाकड्या रेघाच मोजत बसलो.

त्या आठवड्यात अक्काने इडलीपात्र चिंचेने घासून स्वयंपाकघरात नेलं. आता दर रविवारी आम्हाला तिच्याकडे इडल्या असतात. मऊ, पांढऱ्याशुभ्र. मला त्या गोड लागत नाहीत. इडल्या खाल्ल्या की मी गाडी चालवतो, साडू शेजारी बसतात, आणि आम्ही गंगापूर धरणाकडे जातो. साठ, सत्तर, कधी ऐंशी. टेम्पो मागे पडतात. मला जे हवं होतं ते सगळं आता मिळतंय, आणि मी मात्र वाटभर इंजिनाकडे कान लावून असतो. कुठे काही वाजत नाही.

गेल्या रविवारी मी सोमेश्वरपाशी गाडी बाजूला घेतली. म्हटलं, "दादा, खालून टकटक येतेय."

त्यांनी डोळे मिटून बराच वेळ ऐकलं. "नाही शेट. ठणठणीत आहे."

"उघडून बघू. पाना मी धरतो, रेघा मी ओढतो. तुम्ही नुसतं बसून सांगा."

"बिघडलंय का काही?"

"काहीच बिघडलेलं नाही," माझा आवाज चढला, "म्हणूनच म्हणतोय ना!"

साडूंनी माझ्याकडे बघितलं. मग खिशातला हात बाहेर काढून थरथरत्या बोटांनी डॅशबोर्डवरची धूळ पुसली.

"घरी गेल्यावर अक्काला सांगा," ते म्हणाले, "पुढच्या रविवारपासून इडल्या बंद."