चिंचेनं घासलेलं पदक

सकाळी खण उघडला की मी जमवलेली सगळी अमेरिकन पदकं शांत, तपकिरी दिसतात. मधलं एकच लखलखतं.

कांस्याचं ते पदक तळहाताएवढं आहे. धुळीच्या वादळांनी उजाड झालेल्या मुलखात पुन्हा पेरणी झाली, त्याची ही आठवण. त्यावर ओटीत बी घेऊन पेरणारी एक बाई कोरलेली आहे. कांस्यावर वर्षानुवर्षं मुरलेला तपकिरी रंग म्हणजे संग्राहकाचा जीव की प्राण. त्याला कुणी हात लावत नाही. आमच्या हिने दसऱ्याच्या आदल्या दिवशी ताम्हनाबरोबर तेही चिंचेनं घासून काढलं आणि दुसऱ्या दिवशी पूजेत मांडलं.

मी कपाळावर हात मारला. ती म्हणाली, "अहो, पेरायला निघालेली बाई ती. तिला सणाच्या दिवशी अशी कळकट ठेवायची?"

पदकानं काही विकत मिळत नाही. कुणाचे तरी कष्ट विसरले जाऊ नयेत, एवढ्यासाठीच ते घडवतात. मग त्या परमुलखातल्या बाईला आमच्या घरी सणाची अंघोळ घडली, तर तिच्या शिल्पकाराला वाईट वाटलं असतं का? मला तरी तसं वाटत नाही.

परवा एक जाणकार संग्राहक घरी आले. पदक पाहून हळहळले, "अहो, वाटोळं झालं की याचं!"

मी ते मुद्दाम त्यांच्या हातात दिलं. "नीट बघा," म्हटलं. बाईच्या ओटीत, कोरलेल्या दाण्यांच्या फटींत, हिने वाहिलेली हळद अजून आहे. असं पदक अख्ख्या अमेरिकेत कुणाकडे नाही.