दोनचा टोल पडल्यावर

मी एकदा एका बाईला तिच्या देवासकट कोंडून घातलं होतं. भर दुपारी, बाहेरून कडी लावून, आणि वर मोठं न्यायाचं काम केल्याच्या थाटात. तेव्हा मी सतरा वर्षांची होते. अंगात माज भरपूर होता आणि अक्कल यायची होती. आता नातवंडं मला शहाणी समजायला लागली आहेत, म्हणून हे लिहून ठेवते. त्यांचा गैरसमज फार वाढायला नको.

ती बाई म्हणजे आक्का, माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. लहानपणीच विधवा होऊन माहेरी परत आलेली. अंगावर लाल आलवण, हातांच्या नसा दोरीसारख्या वर आलेल्या, आणि आवाज असा की गोठ्यातली म्हैससुद्धा रवंथ थांबवायची. घरचे त्यांना आक्का म्हणत, मी मनातल्या मनात जमादारीण म्हणायची. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या, त्यामुळे मुखेडच्या त्या घरात बायका दोनच: हुकूम सोडणाऱ्या आक्का आणि तोंड फुगवून तो पाळणारी मी. नवरा परगावी शिकायला होता. आमचं पहिल्या दिवसापासून पटलं नाही. पटवून घ्यायची मला इच्छा नव्हती आणि त्यांना वेळ नव्हता.

वेळ नव्हता हे मात्र खरं. निजामाचं राज्य होतं आणि मामंजी, म्हणजे माझे सासरे, तहसील कचेरीत पेशकार होते. खेड्यापाड्यांतून पेशीला, म्हणजे दाव्याच्या तारखेला, आलेली माणसं कचेरीत जायच्या आधी नाहीतर नंतर आमच्या ओसरीवर टेकायची. "दारी आलेला माणूस उपाशी जाता कामा नये," असं मामंजी म्हणायचे. म्हणायचे ते, करायच्या आक्का. पहाटे जातं, मग ताक, मग आडाचं पाणी, मग परातभर पीठ. साध्या दिवशी पंधरा पानं, बाजाराच्या दिवशी तीस. कोणाला तिखट सोसत नाही, कोणाला दात नाहीत म्हणून भाकरी ताकात कुस्करून द्यायची, सगळं त्यांच्या ध्यानात. ज्याचा दावा फेटाळला गेलाय त्याच्या पानात त्या तुपाची धार जास्त सोडायच्या. "जिंकलेल्याला कोणी बी जेवू घालतंय," म्हणायच्या. मी एकदा माझं पान पुढे सरकवलं, तर म्हणाल्या, "तू कोणता दावा हरलीस गं? तू तर रोज जिंकून राहिलीस."

माणसांची शेवटची पंगत उठली, ओसरी सारवली गेली, की कचेरीत दोनचा टोल पडायचा. तो पडला की आक्का हातातलं काम असेल तिथे सोडायच्या. हात-पाय धुवायच्या, सोवळ्याची धाबळी गुंडाळायच्या, देवाच्या खोलीत जायच्या आणि दार ओढून घ्यायच्या. "आता मला हाक मारायची न्हाई. तहसीलदार आला तरी न्हाई." त्या थेट तीनच्या टोलाला बाहेर यायच्या. मगच आम्ही दोघी जेवायला बसायचो.

आता खरं दुखणं ऐका. तो एक तास मी उपाशी असायची. पहाटेपासून राबलेली, पोटात आग, समोर झाकलेली भाकरी, आणि ही बाई देवाशी गुजगोष्टी करून राहिलेली! खरं तर आक्कांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "पोरी, तू जेवून घे. माझ्यासाठी थांबू नको." पण मी थांबायची. जेवले असते तर तक्रार कशाची केली असती? उपाशी राहून खांबाला टेकून बसण्यात जो रुबाब होता, तो मला कोणत्याही भाकरीपेक्षा गोड लागायचा.

शिवाय माझा संशय होता की आत देवबिव काही चाललेलं नाही. माझ्या माहेरी पूजा म्हणजे घंटा, शंख, मोठ्याने स्तोत्रं. वडील देवाला जाग आणायचे तशी शेजाऱ्यांनाही आणायचे. इथे आत घंटा नाही, जप नाही, काही नाही. एकदा दाराला कान लावला तर चक्क घोरणं ऐकू आलं. मला झालेला आनंद काय सांगू! मामंजी कचेरीतून आल्या आल्या मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. "आक्का देवाच्या खोलीत झोपतात," म्हटलं. त्यांनी कागदावरून मान वर केली नाही. "बरं," म्हणाले. इतकंच. त्या दिवसापासून मी दोनच्या टोलानंतर भांडी आपटून घासायला लागले. तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी बाहेर आल्या, पितळी पातेलं उजेडात धरून बघितलं आणि म्हणाल्या, "पातेलं आपटून देव पळत न्हाई गं. पोचे पडतात तेवढे."

मग श्रावण आला. पंचमीसाठी मला न्यायला माझे वडील अहमदपूरहून बैलांची दमणी घेऊन आले. मी रात्रीच गाठोडं बांधून ठेवलं होतं. पण नेमका त्याच आठवड्यात तालुकदार साहेबांचा दौरा मुखेडला लागला. तालुकदार म्हणजे आताच्या भाषेत कलेक्टर. त्यांचे कारकून आमच्याकडे जेवायला येणार होते. आक्कांनी माझ्या वडिलांना पाटावर बसवलं, पोटभर वाढलं आणि सांगितलं, "आज पोरगी यायची न्हाई. दौरा होऊ द्या, मंग न्या." वडील मान खाली घालून दमणीत बसले. दमणी वेशीपार होईतो मी दारातून बघत राहिले. आत आले तर आक्का म्हणतात, "रडायचं असंल तर कांदे चिरता चिरता रड. दोन्ही कामं होतील."

दुसऱ्या दिवशी दोनचा टोल पडला. आक्का आत गेल्या आणि मी बाहेरून कडी लावली.

माझा बेत सोपा होता. तीनला उठतील, दार उघडणार नाही, ओरडतील, ओसरीवरची माणसं धावतील, आणि डोळे चोळत बाहेर येणारी भक्तीण साऱ्या तालुक्याला दिसेल. मी खांबाला टेकून बसले. तीनचा टोल पडला. आतून आवाज नाही. झोपल्यात गाढ, म्हटलं. चारचा पडला. तेवढ्यात मामंजींचा निरोप आला: साहेबांचे कारकून एक दिवस आधीच आलेत, दिवेलागणीला बारा पानं होतील, आक्काला सांग.

तेव्हाच कडी काढायची होती. पण काढावी तर लावली कोणी, हे कबूल करणं आलं. मी पदर खोचला. बारा पानं म्हणजे काय मोठंसं, हा माझा आणखी एक शहाणपणा.

चूल पेटेना. पेटली तेव्हा धुराने डोळे गेले. मीठ कुठल्या बरणीत, हे मला ठाऊक नव्हतं, कारण ते नेहमी आक्का घालायच्या. पीठ सैल झालं, थापलेली भाकरी तव्यापर्यंत जाईतो तिचे दोन तुकडे व्हायचे. आडावर चार खेपा झाल्या आणि माझी कंबर माझी राहिली नाही. मध्येच मामंजींनी डोकावून विचारलं, "आक्का?" मी म्हटलं, "देवाजवळ." ते गुमान परत गेले. कारकुनांनी माझं वरण कसं गिळलं ते त्यांनाच ठाऊक. एकाने फक्त विचारलं, "आक्काबाईंची तब्येत बरी नाही का?" आणि माझ्या हातातली पळी थांबली.

पाच तास होत आले होते. आतून एक हुंकार नाही, एक धक्का नाही. साठीची बाई, सकाळपासून पोटात घोटभर ताक. मी बारा माणसांना जेवू घातलं होतं आणि तिला मारून टाकलं होतं. सतरा वर्षांत पहिल्यांदा मी देवाला हाक मारली असेन, आणि तीही स्वतःची कातडी वाचवायला: देवा, म्हातारी जिवंत असू दे, नाहीतर घरचे मला जाळतील.

कडी दोनदा निसटली, तिसऱ्यांदा निघाली. आत देवापुढचा दिवा विझायला आला होता. आक्का भिंतीला टेकून, पाय लांब पसरून बसल्या होत्या. त्यांचे पाय लांब झालेले मी तोवर कधी पाहिले नव्हते. टाचांच्या भेगा दिसत होत्या. चेहरा मात्र असा, जसा न्हाऊ घातलेल्या लेकराचा असतो.

"किती टोल झाले गं?"

"सात होतील."

"अगं माय," म्हणाल्या आणि पाय जवळ घेतले.

माझ्या मागे मामंजी उभे होते. त्यांनी माझा हात कडीवर पाहिला होता. त्यांचा आवाज चढला, "कडी कोणी लावली?"

"मीच लाव म्हणलं तिला," आक्का आतून म्हणाल्या. "कोणी बी येऊन दार ढकलतंय. तू जा, पाव्हणे बघ."

मामंजी गेले. तुम्हाला वाटेल, मी आक्कांच्या पायावर पडले असेन. छे! मला त्यांचा असा राग आला म्हणता! शिव्या दिल्या असत्या तर उलट बोलता आलं असतं. वाचवून त्यांनी माझं तोंडच बांधून टाकलं. चार दिवसांनी त्यांनी स्वतः दमणी सांगून मला माहेरी पाठवलं, तेव्हाही मी पाया पडले ती नुसती वाकून. माफी मी कधीच मागितली नाही. दोनच वर्षांनी, निजामाचं राज्य जायच्या थोडं आधी, आक्का तापाने गेल्या. तिसऱ्या दिवशी पेशीची माणसं पुन्हा ओसरीवर होती, आणि चुलीपुढे मी एकटी.

महिनाभराने एकदा दोनचा टोल पडला आणि मी पीठ तसंच टाकून त्या खोलीत गेले, दार ओढून घेतलं. काय बोलायचं ते कळेना. शेवटी आक्कांची तक्रार सांगायला लागले. ती म्हातारी मला सगळं टाकून निघून गेली, मीठ किती घालायचं तेही सांगितलं नाही, मला माफी मागू दिली नाही. सांगता सांगता केव्हा रडले आणि केव्हा डोळा लागला ते समजलं नाही. तीनच्या टोलाला उठले तर भाकरी थापायला हात तयार होते. त्यानंतर आजपर्यंत माझी ती वेळ मी कोणाला दिलेली नाही. पोरांना, नवऱ्याला, नंतरच्या काळात आलेल्या पुढाऱ्यांनाही नाही.

एक सांगायचं राहिलं. त्या संध्याकाळी मामंजी पाठ फिरवून गेल्यावर मी दारातूनच आक्कांवर खेकसले होते, "हाक का नाही मारली? आणि खरं सांगा, झोपला होतात ना?" आक्का भिंतीचा आधार घेऊन उठल्या, धाबळी नीट केली आणि म्हणाल्या,

"हाव, झोपले की. रोजच झोपते. आधी त्याला सांगते, पाय लई दुखून राहिले, जीव वैतागला, त्या पोरीला आज तोडून बोलले. सांगून झालं की डोळा लागतो. आज कडी वाजली ती ऐकली होती मी. म्हणलं, बरं झालं, आज तीनला उठायचं न्हाई. ह्या घरात माझ्याकडं भाकर न मागणारा तेवढा एकच हाय गं. त्याच्यापाशी न्हाई झोपू तर कुठं झोपू?"