जातो म्हणू नये

आमच्याकडे घराबाहेर पडणारा माणूस 'येतो' म्हणतो. कोपऱ्यावरून दूध आणायला निघालेलाही 'येतो' म्हणतो आणि परदेशी निघालेलाही. चुकून 'जातो' म्हटलं की घरातलं कोणीतरी दटावतंच. नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या आमच्या भाड्याच्या घरात दटावायचं काम माझ्याकडे होतं, आणि त्या वर्षी मला ते करायची भीती वाटत होती.

कारण माझा नवरा रोज 'जातो' म्हणायला लागला होता.

सासरे भारतात कोविडच्या दुसऱ्या लाटेत गेले. इकडून विमानं बंद होती. वडिलांचा अंत्यविधी ह्याने फोनवर पाहिला, तोसुद्धा मधेमधे गोठणारा. रडला नाही. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप उघडून ऑफिसच्या कॉलला बसला. किती धीराचा आहे, असं सगळे म्हणाले. मलाही तसंच वाटलं, एवढी मी शहाणी. उन्हाळा सरता सरता त्याचं जेवण तुटलं, मग झोप गेली, मग बोलणं. दुपारी काम अर्धवट टाकून सायकल काढायचा आणि कालव्याच्या कडेने कुठेतरी जाऊन बसायचा. दारात बूट घालता घालता म्हणायचा, "जातो."

"अरे, येतो म्हण," मी पहिल्यांदा म्हटलं. त्याने दार ओढून घेतलं. मग मी टोकलं नाही. खिडकीत उभी राहायची. त्याचं पिवळं जाकीट वळणाआड गेलं की ते परत दिसेपर्यंत माझ्या हातून साधी भाजी चिरली जात नसे. कालव्याचं पाणी किती खोल असतं हे मी एकदा इंटरनेटवर शोधलं होतं. कोणाला सांगितलं नाही.

फॅमिली डॉक्टर झाला, गोळ्या झाल्या, वेगळ्या गोळ्या झाल्या. शेवटी मानसोपचारतज्ज्ञाने दुसऱ्या शहरातल्या एका इस्पितळात चाललेल्या अभ्यासाबद्दल सांगितलं. काही अळंब्यांमध्ये भास निर्माण करणारं एक द्रव्य असतं, ते कॅप्सूलमधून एकदाच द्यायचं आणि दिवसभर दोन थेरपिस्टनी शेजारी बसायचं. आधी महिनाभर बोलणं, नंतरही बोलणं. माझं डोकंच फिरलं.

"ज्याच्यासाठी पोरं वीकेंडला अ‍ॅमस्टरडॅमला येऊन धिंगाणा घालतात, ते तुला देणार?" मी म्हटलं. "आधीच मर्कट, त्यात मद्य प्याला!"

"मर्कट निदान उड्या तरी मारतं गं," तो म्हणाला. "माझ्याच्याने तेही होत नाहीये."

दुसऱ्या दिवशी मीच त्या इस्पितळाला फोन लावला.

त्या कॅप्सूलआधी जुन्या गोळ्या हळूहळू बंद कराव्या लागल्या. रोज 'जातो', रोज खिडकी.

दोघा थेरपिस्टांपैकी एक उंच, पिकल्या केसांची बाई होती. आधीच्या भेटीत तिने मला वेगळं बोलावलं आणि इंग्रजीत विचारलं, "आम्हाला माहीत असावं असं काही आहे?" मी तिला आमची रीत सांगितली, त्याचा तो शब्द सांगितला. पण मधे प्लास्टिकचा पडदा, दोघींच्या तोंडावर मास्क. तिला शब्द नीट कळेना. मग मी तिच्याकडून कागद घेतला आणि इंग्रजी लिपीत मोठ्या अक्षरांत तो लिहून दिला. "हे म्हणाला, तर सांभाळा," मी म्हणाले. "आणि मला बोलवा." तिने कागद घडी घालून खिशात ठेवला.

प्रत्यक्ष दिवशी पुन्हा लॉकडाऊन होतं. इस्पितळातलं कॅफे बंद, सोबतच्या माणसाला आत प्रवेश नाही. मी पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिले. धपाटे नेले होते, ते डब्यातच राहिले. फोन मांडीवर. मनात नाही नाही ते येत होतं. भलत्या देशात, भलत्या औषधाला मी त्याला आपल्या हाताने सोडून आले होते, आणि सासूबाईंना तर साधं चेकअप आहे म्हणून सांगितलं होतं.

दुपारी फोन वाजला. "तो तुमचा शब्द म्हणतोय," थेरपिस्ट म्हणाली. "सारखा तोच. तुम्ही वर येता का?"

गाडीचं दार लावलं की नाही, मला माहीत नाही. जिने चढताना मास्क नाकातोंडाला चिकटत होता. खोलीबाहेर ती उभी होती, दार किलकिलं होतं. आत अंधूक उजेड, डोळ्यांवर पट्टी बांधून हा पडलेला, आणि दुसरा थेरपिस्ट त्याचा हात धरून बसलेला.

मी ऐकलं.

"येतो," तो म्हणत होता. "बाबा, येतो मी. येतो."

"हा तो शब्द नाही!" मी कुजबुजले.

तिने खिशातून माझा कागद काढला आणि पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं. मी 'ज'साठी इंग्रजी J काढला होता. आणि डच माणूस J वाचतो 'य'! इतकी वर्षं ह्या देशात राहून, दिवसातून शंभरदा J ने लिहिला जाणारा डच होकार 'या, या' म्हणून मान डोलावून, माझ्या ते लक्षात आलं नाही. तिने कागदावर 'यातो' वाचलं होतं, खोलीत 'येतो' ऐकलं होतं आणि बिचारी घाबरली होती.

मी तिथेच जमिनीवर बसले. हसू आलं, मग हुंदका आला, मग दोन्ही. अंतराच्या नियमामुळे ती जवळ येऊ शकत नव्हती. तीही समोरच्या भिंतीला टेकून खाली बसली.

"धोका आहे का?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "मी परत येईन, असं म्हणतोय तो."

तेवढ्यात आतून पुढचं ऐकू आलं. "येतो म्हणालो होतो ना तुम्हाला. खोटं बोललो बाबा. खोटं बोललो."

मग तो रडायला लागला. सासरे गेल्यापासून पहिल्यांदा.

घरी आल्यावर एकदोन दिवसांनी त्याने मला सगळं सांगितलं. शेवटच्या व्हिडिओ कॉलला सासऱ्यांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. हा म्हणाला होता, "बाबा, येतो मी." विमानं तेव्हाच बंद झाली होती, आणि ते दोघांनाही ठाऊक होतं. सासऱ्यांनी मान हलवली होती. त्यानंतर तो शब्द ह्याच्या जिभेवर चढेना.

"म्हणजे कालव्यावर तू... तसं काही नव्हतं ना मनात?" मी विचारलं.

"दोन्ही होतं," तो म्हणाला. "येतो म्हणवत नव्हतं, आणि कधीकधी यायचंही नव्हतं."

मला त्याचा राग आला, इतका की वाटलं हातातला कप फेकावा. फेकला नाही. त्याच्याशेजारी जाऊन बसले.

कॅप्सूल घेतली आणि माणूस खडखडीत बरा झाला, असं काही झालं नाही. त्या बाईकडे पुढेही जावं लागलं, आणि काही सकाळी तो पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. पण आता रडायचा, आणि वडिलांबद्दल बोलायचा. मी मात्र 'जातो' ऐकायच्या तयारीतच असायची. भीती काही कॅप्सूलने जात नाही, निदान दुसऱ्याने घेतलेल्या.

वसंतात एकदा तो सायकलवर निघाला. बूट घातले, जाकिटाची चेन वर-खाली करत दारातच उभा राहिला.

"येतो म्हणू का?" त्याने मला विचारलं.

"म्हण," मी म्हणाले. "पण मग ये."

"येतो," तो म्हणाला.

मी खिडकीत गेले नाही. सुरी घेऊन भाजी चिरायला बसले. फोडी लहान-मोठ्या झाल्या, पण सगळी भाजी चिरली.