कागद संपलो, म्हणे!

प्रिंटिंगच्या दुकानात दोन गोष्टी नकळत साठत जातात. एक पाठकोरे कागद आणि दुसरे किस्से! पाठकोऱ्यांचं बरं असतं, सुतळीने बांधून फळीवर टाकले की झालं. किस्से मात्र समोर कोणी बसलं की तोंडातून बाहेर पडतातच. आता तुम्ही बसलाच आहात, तर ऐका.

आचऱ्याच्या तिठ्यावर माझं दुकान. झेरॉक्स, प्रिंट, कार्ट्रिज रिफिल. नवरा कणकवलीला नोकरी करतो, त्यामुळे दुकान सगळं माझ्याच अंगावर. गाळा मात्र आबांचा, म्हणजे माझ्या चुलत सासऱ्यांचा. आबांनी जन्मभर मुंबईत एका कंपनीच्या ऑफिसात टायपिंग केलं. निवृत्त होऊन गावी आले, हातात मोठा मोबाइल आला आणि एका सकाळी दुकानाच्या पायरीवर उभं राहून त्यांनी जाहीर केलं, "गो सुषमा, कागद संपलो! आता सगळा मोबायलात. पावसाच्या आधी गाळो खाली कर. मी स्कुबा डायव्हिंगवाल्याक दितलंय, बुकिंगच्या ऑफिसाक."

मला आधी रडू आलं, मग राग आला. राग बरा, रागात हात चालतात. मी म्हटलं, "आबा, दुकान हलूचा नाय. कागद संपलो काय नाय, तां गिऱ्हाईक ठरवतला."

"बघुया," आबा म्हणाले.

बघुया तर बघुया!

*

आबांचं अगदीच चुकत होतं असंही नाही. लग्नपत्रिकांचे पूर्वी गठ्ठे जायचे, हल्ली फुलं उडणारा व्हिडिओ पाठवतात. खालच्या वाडीतला बाबल्या मुलीच्या लग्नाचा असाच व्हिडिओ मुद्दाम मला दाखवायला आला.

"बघ गो! एक कागद नाय लागलो!"

"झकास," मी म्हटलं. "देवाक कसो पाठवलंस? देवाचो नंबर आसा तुझ्याकडे?"

बाबल्याचा चेहरा पडला. आमच्याकडे पहिली पत्रिका ग्रामदेवतेपुढे ठेवल्याशिवाय लग्नाचं पान हलत नाही. "एक काढ," तो म्हणाला. मग त्याला कुलदेवता आठवली. मग चव्हाट्यावरचा देव आठवला, मग एकेक मानकरी आठवले. बघता बघता चांगला जाडजूड गठ्ठा झाला.

"व्याह्यांक व्हिडिओ चलात मा?" मी विचारलं.

"नको गो बाय! ते देवापेक्षा कडक आसत. तेंका दोन काढ!"

*

माझे मामा देवगडचे, हापूसची कलमं आहेत. एकदा पेट्यांना लावायच्या लेबलांसाठी आले. मुंबईला जाणारा टेम्पो दारात उभा, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, आणि माझ्या प्रिंटरमधली पिवळी शाई संपलेली! बाटली दुसऱ्या दिवशी येणार होती. मामा ऐकायला तयार नाहीत. "आसा त्या रंगात काढ!"

आता पिवळ्याशिवाय केशरी कुठून येणार? आंबा आला तो जास्वंदीसारखा गुलाबी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मामांनी लेबल लांब धरून बघितलं, जवळ धरून बघितलं, आणि म्हणाले, "चिकटव! मुंबयत कोणी आंबो झाडार बघलोहा?"

आठवड्याने त्यांचा फोन आला. "बाय, पिवळी शाई इली तरी घालू नको हां! मार्केटात माका 'गुलाबी पेटीवालो' म्हणान वळखूक लागलेहत."

हे मी आबांना रंगवून सांगितलं. आबा म्हणाले, "आंबो दोन म्हयने. मगे?"

*

मग काय, मी बाहेरची कामं घ्यायला लागले. स्कूटीवर टोनरची पावडर आणि स्क्रू ड्रायव्हर टाकायचा आणि ऑफिसं फिरायची. अशाच एका ऑफिसातून बोलावणं आलं. गाव विचारू नका. प्रिंटर कागद ओढत नव्हता. तिथले भाऊसाहेब ऑफिसातली मराठी बोलायला लागले, "मॅडम, कंपनीचा दोष आहे. मशीनच सदोष आलेलं आहे."

मी मागचं झाकण उघडलं. आत रोलरला घट्ट बिलगून काय बसलं होतं? खाजं! गूळ आणि आलं लावलेली जत्रेतली ती कांडी हो! तिच्या वासाने मुंगळ्यांनी तर आत वस्तीच केली होती.

मी चिमट्याने ते बाहेर काढून टोपलीत टाकणार, तोच भाऊसाहेब ओरडले आणि त्यांची ऑफिसातली मराठी एका क्षणात गळून पडली, "टाकू नको गो! कुणकेश्वराच्या जत्रेतला आसा तां!"

*

मोबाइलने माझं एक गिऱ्हाईक नेलं, तर दुसरं आणून दिलं. आमच्या मासळी बाजारातली गोदाक्का. मुलाने तिला पैसे घ्यायचा तो क्यूआर कोड काढून दिला होता, त्याचा तिला मोठा प्रिंट हवा होता. मी पानभर कोड काढून दिला. अक्काने कागद उलटसुलट केला.

"माजो फोटो खंय?"

"अक्का, फोटो लागत नाय. ह्या चौकोनाक मोबायल दाखवलो की पैसे जमा."

अक्का कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मासळी मी इकतंय. उन्हात मी बसतंय. आणि पैसे त्या चौकोनाक?"

शेवटी पानभर अक्काचा फोटो आणि खाली कोपऱ्यात कोड असा प्रिंट निघाला. आता गिऱ्हाईक मोबाइल काढून वाकलं की अक्का म्हणते, "आधी माझ्याकडे बघ!" बाजारातल्या बाकीच्या बायकाही मग फोटो काढून घेऊन माझ्याकडे आल्या.

*

आता एक घाईचा किस्सा. मेघा म्हणून आमच्या शेजारची मुलगी. दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला परीक्षा, संध्याकाळची शेवटची गाडी, आणि हॉल तिकिटाचा प्रिंट काढायला आली तेव्हा गावात लाईट नाही! इन्व्हर्टरवर लेझर प्रिंटर चालत नाही आणि शाईचा नेमका बंद पडलेला.

आबा समोरच्या कट्ट्यावर बसले होते. "मोबायलार दाखव म्हणान सांग," ते म्हणाले.

"छापील नसलं तर आत घेत नाहीत, आजोबा," मेघा म्हणाली आणि रडायलाच लागली.

मी म्हटलं, आज हा प्रिंट निघाला नाही तर आबा म्हणतात ते खरं! त्या दिवशी देवळात जत्रा होती, तिथे जनरेटर असणार. प्रिंटर आणि लॅपटॉप रिक्षात घातले आणि मेघाला घेऊन देवळात गेले. मंडपामागे दशावतारी नाटकातली मंडळी आरशांपुढे रंग लावत बसली होती. त्यांच्याच बोर्डात पिन खुपसली. प्रिंटर तापायला लागला तसे सगळे बल्ब मिणमिणले, पण कागद आला. मेघा तो घेऊन पळत सुटली. गाडी मिळाली!

मी वायर गुंडाळतेय तोच मागून आवाज आला, "गो बाय, तिचा हॉल तिकीट झाला. आता माझा काय?"

वळून बघते तर नारदमुनी! अंधारात रेखलेली एक भुवई थेट कानापर्यंत गेली होती.

*

मे संपत आला. मी गाळा सोडायचं नाव काढत नव्हते. मग एका सकाळी आबा दुकानात आले आणि मोबाइल पुढे करून म्हणाले, "ह्याचो एक प्रिंट काढ."

त्यांनी स्वतः टाईप केलं होतं, 'गाळा भाड्याने देणे आहे.' स्कुबावाल्याने मालवणात जागा घेतली होती, म्हणून आबांना दुसरं कोणी शोधायचं होतं. मी म्हटलं, "कागद संपलो मा, आबा? मोबायलारच ठेवा."

"मोबायल दारार चिकटवू?" आबा खेकसले.

"मगे रांगेत ऱ्हवा!"

आबा स्टुलावर बसले. मग एकाचा अर्ज छापून आला तो त्यांनी हातात घेतला आणि त्यांच्यातला टायपिस्ट जागा झाला. "गो, डावीकडे समास सोड! फायलीत भोक खंय पाडतले?" मग दुसऱ्याचे कागद त्यांनी ठोकून सरळ केले. तिसऱ्याच्या कागदांना स्वतःच स्टेपल मारली. दुपार होईपर्यंत त्यांचा नंबर दोनदा येऊन गेला होता.

शेवटी मी त्यांचा प्रिंट काढला. अक्षर ठळक केलं, मजकूर बरोबर मध्ये घेतला. वाईट प्रिंट माझ्या दुकानातून बाहेर जाणार नाही, मग तो माझ्याच मुळावर का उठेना! आबांनी कागद उजेडात धरून बघितला, मान हलवली आणि माझ्याकडे परत दिला.

"लॅमिनेशन कर."

"कित्याक, आबा? चार दिवसांची पाटी ती."

"चार दिवस? धा वर्सां टिकाक होयी! गाळो इतक्यात खाली होवचो नाय!" आबा म्हणाले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे हात केला. "हां, आण रे. किती झेरॉक्स?"