बसस्टँडवर हरवलेली ताई

हे लिहायला मला बराच धीर गोळा करावा लागला, कारण यात माझा एक लपवलेला बेत आहे. त्या गुरुवारी ताईला ‘उज्जैनला दर्शनाला जाऊ’ असं सांगून मी घरातून निघाले होते. खरं तर तिथल्या एका वृद्धाश्रमात मी तिच्यासाठी जागा विचारून ठेवली होती, आणि ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

ताई माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली तेव्हा तिनेच मला वाढवलं, आणि माझ्यापायी स्वतःचं लग्नही राहू दिलं. पुढे माझे यजमान गेले, मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला, आणि छत्रीबाग मोहल्ल्यातल्या दोन खोल्यांत आम्ही दोघी बहिणी उरलो. तीन वर्षांपासून तिला विस्मरणाने घेरलं. आधी ती गॅस बंद करायला विसरे, मग जेवलेलं विसरू लागली, आणि एक दिवस मलाच म्हणाली, “बाई, तुम्ही कुणाकडच्या?” तिला न्हाऊ घालणं, दाराला कुलूप लावून भाजीला पळणं, एकच प्रश्न वीस वेळा ऐकणं, यात माझी भक्ती केव्हा आटली ते कळलंच नाही. आमच्याकडे दत्तमहाराजांची उपासना. दिवा मी रोज लावत होते, पण तसबिरीकडे बघत नव्हते. जिने जन्मभर तुमचं नाव घेतलं तिच्या जिभेवर ते नावसुद्धा राहू दिलं नाहीत, असा राग मी मनात धरला होता.

शहराच्या कडेच्या नव्या बसस्टँडवर आम्ही सिटी बसने उतरलो तेव्हा सकाळचे आठ वाजत आले होते आणि पौषातलं दाट धुकं पडलं होतं. बस दिसायच्या आधी तिचे दिवे दिसत. देवास, महू, धार अशी नावं वरून कुठून तरी ऐकू येत, जणू धुकंच ती पुकारत होतं. डोक्यावर काचेचा बंद पूल होता. तो थेट मेट्रोच्या स्टेशनात जातो. त्यावरून चालणारी माणसं खालून तरंगल्यासारखी दिसत होती. उज्जैनची बस लेट होती. ताईला बाकावर बसवून, तिची शाल सारखी करून, मी बस कुठे लागेल ते विचारायला खिडकीशी गेले. परत आले तर बाक रिकामा.

खरं सांगायचं ठरवलंच आहे, तर हेही सांगते. पहिल्या क्षणी मला भीती वाटली नाही. मला हलकं वाटलं. अगदी एका श्वासापुरतं. मग त्या हलकेपणाचीच अशी भीती वाटली की मी धावतच परत खिडकीशी गेले.

चौकशीच्या खिडकीतला माणूस भला होता. “घबराओ मत माताजी, अभी अनाउन्समेंट करा देते हैं. साडी का कलर बताओ.” आणि मला रंग आठवेना! सकाळी माझ्याच हातांनी मी ती साडी नेसवली होती, निऱ्या घातल्या होत्या, पदराला पिन लावली होती. तीन वर्षं मी तिची सेवा करत होते म्हणे, आणि तिच्याकडे मी पाहिलंच नव्हतं. “याद नहीं आ रहा,” म्हणताना मला रडू फुटलं.

फलाट, प्रसाधनगृह, चहाची टपरी, रिक्षांची रांग, सगळं पालथं घातलं. मागे सरणाऱ्या प्रत्येक बसच्या मागे मी धावत जाऊन पाही. शेवटी दमून मी पुलावर जाणाऱ्या सरकत्या जिन्याशेजारच्या कट्ट्यावर बसले आणि किती तरी महिन्यांनी महाराजांशी बोलले. म्हटलं, “मी वाईट आहे ते तुम्हाला ठाऊक आहेच. मला जमत नाही. आता तुम्हीच बघा तिला.” एवढंच. ना नवस, ना जप. पण आत काही तरी सैल झालं. ताईला सरकत्या जिन्याची फार भीती, म्हणून वर शोधायचं माझ्या मनातही आलं नव्हतं. तरी का कोण जाणे, मी उठले आणि त्याच जिन्यावर पाऊल ठेवलं.

पुलावर वेगळीच शांतता होती. दोन्हीकडच्या काचांना धुकं चिकटलेलं, त्यात सूर्याचा फिकट उजेड मिसळलेला. खालच्या गाड्यांचे आवाज लांबच्या गावातून यावेत तसे येत होते. मी चालत होते की मला कुणी नेत होतं, आजही सांगता येणार नाही. पुलाच्या टोकाला, मेट्रोच्या दाराशी, ताई उभी होती. जांभळी साडी, राखाडी स्वेटर. तिचा हात एका सफाईवाल्या बाईच्या हातात होता आणि बाईचा झाडू भिंतीला टेकलेला.

“दीदी, आप ही छोटी हो क्या?” त्या बाईने विचारलं. “माताजी बोल रही थीं, मेरी छोटी रेल से आएगी, उसको लेने जाना है. तो मैं लिफ्ट से ऊपर ले आई.”

मी काही बोलणार, तोच ताईने माझ्याकडे पाहिलं. कित्येक महिन्यांत तिने माझ्याकडे तसं पाहिलं नव्हतं.

“छोटी! किती उशीर गं! गाडी लेट होती का?”

लग्नाआधी मी महूच्या शाळेत शिकवायचे. रोज संध्याकाळी छोट्या रुळांच्या गाडीने परतायचे आणि ताई मला घ्यायला स्टेशनवर उभी असायची. धुक्यात एकटी पडल्यावर तिला वाटलं, हरवलीय ती तिची छोटी.

“हो ताई,” मी म्हणाले, “जरा लेटच झाली.”

उज्जैनची बस केव्हा आली आणि गेली, मी पाहिलं नाही. ताईला गाडीत बसायचं होतं, म्हणून आम्ही मेट्रोत बसलो. डबा जवळजवळ रिकामा होता. खाली शहर नव्हतंच, नुसतं पांढरं धुकं, आणि त्यावरून आम्ही आवाज न करता सरकत होतो. तेवढ्यात ताई माझ्याकडे वळली. नजर पुन्हा परकी झाली होती. “बाई, तुम्ही कुठे उतरणार?” तिने अदबीने विचारलं. एरवी मी चिडले असते. मी तिचा हात हातात घेतला. “तुम्ही उतराल तिथे.”

त्याच दुपारी मुलाला फोन करून मी सगळं कबूल केलं. तो रागावला नाही. म्हणाला, “आई, आधी का नाही सांगितलंस?” दोन दिवसांत तो आला. आता दुपारी ताईजवळ बसायला एक बाई येतात, आणि शेजारच्या भाभीजींकडे घराची दुसरी किल्ली असते. वृद्धाश्रमालाही आम्ही येत नसल्याचं कळवलं. कधी गरज पडलीच, तर ताईला उघडपणे सांगूनच नेईन. सफाईवाल्या बाईंना पुढच्या गुरुवारी भेटले, पाया पडायला वाकले तर त्या मागे सरल्या. “अरे दीदी, मैंने क्या किया? मेरी ड्यूटी तो नीचे थी. माताजी ही हाथ पकड़ के ले गईं.”

महाराज त्या दिवशी कुणाच्या रूपाने आले, त्या बाईंच्या की ताईच्याच, याचा शोध मी घेतला नाही. हा भार माझ्या एकटीचा आहे, हा हट्ट मात्र त्या कट्ट्यावरच सुटला. दिवा लावताना आता वर मान करून पाहते आणि हात जोडते. ताई मला पुन्हा कधी ओळखेल का, असं मी विचारत नाही. मी तिला टाकायला निघाले होते, आणि ती मला शोधायला निघाली. आयुष्यभर कृतज्ञ राहायला मला एवढं पुरे आहे.