कोपरभर माती

आसेगावात दौलतचं नाव काढलं की लोक आधी त्याच्या खाटेची गोष्ट सांगत. पाच वर्षं हा गडी दिवसाउजेडी खाटेवर पडून होता. ना ताप, ना खोकला. एकेकाळी पाचशे बैठका मारणारा पहिलवान, पण तोंडावरची माशी हाकलायचाही त्याला कंटाळा येई. मळ्यातली वांगी-मिरची बायको जिजाबाई एकटी सांभाळी. गावाचं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला! कोणी म्हणे बाहेरचं लागलं, कोणी म्हणे आळस. देवऋष्याने दोन कोंबडे खाल्ले आणि अमावास्येवर खापर फोडून तो मोकळा झाला.

खरं काय ते एकट्या दौलतला ठाऊक होतं.

१९५१ सालची नागपंचमी. त्या दिवशी मारुतीच्या देवळामागच्या आखाड्यात कुस्त्या लागत. पंचमीला जमिनीत कुदळ घालायची नाही, नागाला लागते, म्हणून आखाडा आदल्या दिवशीच खोदून ठेवायचा. वस्ताद पुंजाजींचा नियम साधा होता, माती अशी मऊ हवी की हात कोपरापर्यंत आत जावा. त्या वर्षी खोदायची पाळी दौलतची होती. पण दुसऱ्या दिवशी त्याचीच कुस्ती, तीही तांड्यावरच्या रूपलाशी, त्याच्या जिवाभावाच्या दोस्ताशी. अंगातला जोर आजच कशाला घालवा, म्हणून त्याने अर्धा आखाडा खोदला आणि उरलेला सकाळवर टाकला. सकाळी आठवलं, आज तर पंचमी! मग पठ्ठ्याने भुसभुशीत माती हातांनी ओढून कडक भागावर पसरली. वरून आखाडा कसा छान दिसत होता. वस्ताद तापाने घरी पडलेले. हात घालून पाहणारं कोणी नव्हतं.

दौलतने रूपलाला उचलून टाकलं ते नेमकं त्या कडक भागावर. मान मोडली. रूपला जागीच गेला. रूपलाची आई गोमतीबाई विधवा, तिचा हा एकुलता एक लेक. तीच रडत रडत दौलतला म्हणाली, "कुस्ती हाये बापा, तुहा काय दोष?" ते बोलणं दौलतच्या छातीवर बसलं ते उठलंच नाही.

पाचव्या वर्षी विहिरीच्या काठावरून तो दोनदा परत आला. तिसऱ्यांदा येणार नाही, हे जिजाबाईला कळून चुकलं. ती वस्तादांकडे गेली आणि म्हणाली, "मी त हरली. आता तुमीच पाहा."

दुसऱ्या दिवशी दिवस उगवायला वस्ताद खाटेपाशी उभे.

"ऊठ दौलत्या."

"मन लागत नाई, वस्ताद."

"मनाले कोन विचारून राह्यलं? त्याले झोपू दे खाटेवर. तू चाल."

पहिल्या दिवशी सातव्या बैठकीला त्याला ओकारी आली. वस्तादांनी तोंड धुवायला लावलं आणि हातात कुदळ दिली. कुदळ उचलताना श्वास घ्यायचा, मारताना सोडायचा, आणि प्रत्येक श्वासाकडे पाहायचं. "मन म्हनते, मरा. म्हनू दे. तू बाजूले उभा राहून आयक. हिरीचं पानी गढूय झालं त ते ढवळू नाई, बसू द्यावं."

पाणी काही लवकर बसलं नाही. तिसऱ्या महिन्यात खोदता खोदता दौलत मटकन खाली बसला आणि पंचमीचं सगळं सांगून टाकलं. वस्ताद त्याच्याशेजारी मातीत बसले. त्यांचाही हात त्या दिवशी मातीत गेला नव्हता.

"मी माफ करनारा कोन?" ते म्हणाले. "खोदनं तुह्या हाती. माती नरम होनं, कोनी माफ करनं, ते तुह्या हाती नाई. पन गोमतीले सांगा लागन."

ते मात्र दौलतच्याने होईना. दीड वर्ष तो रोज खोदत राहिला, दंड-बैठका काढत राहिला. अंग भरलं, मळ्यात पाय पडू लागले. तरी काही दिवस असे येत की तोंड भिंतीकडे वळे आणि जगणं नकोसं होई. फरक इतकाच, की आता तो तसाच उठून आखाड्यात जाई. रूपला आठवला की रूपला आठवला. तेवढं पाहायचं आणि पुढची कुदळ मारायची.

१९५८च्या पंचमीचा आदला दिवस. गोमतीबाई लाकडाची मोळी घेऊन देवळामागून चालली होती. दौलतने हाक मारली. मोळी उतरवून घेतली आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. पाळी कोणाची, अर्धी माती, वरची सारवासारव.

म्हातारी रडली नाही, ओरडली नाही. आखाड्याच्या काठावर बसली, पदर खोचला आणि हात मातीत घातला. कोपरापर्यंत गेला.

"तवा कितीक होती?"

दौलतने आपल्या बोटाची दोन पेरं दाखवली.

ती त्या बोटाकडे पाहत राहिली. मग हात काढला, माती झटकली.

"माहा लेक दोन पेरं मातीपायी गेला त," ती म्हणाली. मोळीला हात घातला, दौलत पुढे झाला, तशी "नोको" म्हणून तिने ती एकटीनेच डोक्यावर घेतली. चार पावलांवर थांबली, पण वळली नाही.

"उद्या पंचमी हाये. आजच खोदून ठेवजो."

ती वळणाआड जाईपर्यंत दौलत उभा होता. मग त्याने कुदळ उचलली आणि खोदलेला आखाडा पुन्हा पहिल्यापासून खोदायला घेतला.