मोहनेची हजेरी

आमच्या रेडिओ क्लबात मला नावाने कोणी हाक मारत नाही. मी डोंबिवली. ठाण्याच्या एसटी डेपोशेजारी राहणारे निवृत्त गृहस्थ म्हणजे खोपट, टॉवरच्या शेंड्यावर राहणारा तिशीतला मुलगा म्हणजे घोडबंदर, आणि कल्याणपलीकडचे आमचे सगळ्यांत ज्येष्ठ सभासद म्हणजे मोहने. परवान्यावर प्रत्येकाची अक्षरं-आकड्यांची सरकारी ओळख असते, ती नियमाप्रमाणे आम्ही सांगतोच. पण गप्पांत गावाचंच नाव. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, कुठे कुठे पाणी येणार नाही त्याची घोषणा चाललीय.

हौशी रेडिओ म्हणजे काय, तर परीक्षा देऊन परवाना काढायचा, गच्चीवर अँटेना उभा करायचा आणि मोबाइल हाताशी असताना सेटवरून एकमेकांना विचारायचं, “माझा आवाज कसा येतोय?” माझी बहीण याला रिकामटेकड्यांचे उद्योग म्हणते. ती स्वतः दिवसभर मालिका बघते, त्यामुळे मी उत्तर देत नाही. नवरा गेल्यावर मी बँकेतून लवकर निवृत्ती घेतली. घर खायला उठायचं. आवाज हवा होता, आणि टीव्हीवरचे लोक आपल्याशी बोलत नाहीत, आपापसांत भांडतात. म्हणून मी ही परीक्षा दिली. एवढं कारण पुरेसं आहे असं मला अजून वाटतं.

महिन्यातून एका रविवारी आमची शिकार असते. एकाने छोटा ट्रान्समीटर कुठेतरी लपवायचा आणि बाकीच्यांनी हातात अँटेना घेऊन त्याचा माग काढायचा. हा अँटेना आम्ही सुताराच्या पोलादी मेजरिंग टेपचे तुकडे पीव्हीसी पाइपवर बसवून घरीच करतो. तो फिरवायचा, आवाज जिकडे सर्वांत मोठा तिकडे चालायचं. एकदा मी मानपाडा रोडवर अशी टेप फिरवत चालले होते, तर एक दुकानदार गिऱ्हाईक सोडून धावत आला. “मॅडम, रोड रुंद होतोय का? आमची पायरी जाणार का?” मी म्हटलं, अहो, मी महापालिकेची नाही, रेडिओवाली आहे. त्याला ते अजिबात पटलं नाही. त्याने मला बळेच चहा पाजला आणि मी समोर असतानाच पायरीवरच्या बरण्या आत ओढून घेतल्या. शिकारीत मात्र मी त्या दिवशी शेवटची आले.

मोहने रेयॉनच्या कारखान्यात इंजिनियर होते. निवृत्त झाले, पत्नी गेली, पण मोहने गाव काही सोडलं नाही. क्लबाचे नियम त्यांनीच केले आणि दर वर्षी सभेत ते स्वतः मोठ्याने वाचून दाखवतात. त्या वेळी पलीकडच्या टेबलावर बटाटेवडे येऊन पडलेले असतात आणि आमचं सगळ्यांचं लक्ष तिकडे असतं. वाचून झालं की ते चष्म्यावरून बघतात आणि विचारतात, “काही शंका?” कोणालाच शंका नसते.

गेल्या वर्षी ते बाथरूममध्ये चक्कर येऊन पडले. फार लागलं नाही, पण बंगळूरहून त्यांची लेक आली ती ठरवूनच, की बाबांना आता इथे एकटं ठेवायचं नाही. मोहने काही केल्या तयार होईनात. लेकीच्या इमारतीत गच्चीवर अँटेना लावू देत नाहीत. अँटेनाशिवाय त्यांनी तिथे करायचं काय, झाडांना पाणी घालायचं? शेवटी बाप-लेकीत तह झाला. रोज सकाळी साडेसातला आमची सेटवर हजेरी असते आणि ती मी घेते. मोहनेंनी हजर म्हटलं की मी लेकीला निरोप पाठवायचा, “बाबा हजर.” ज्या दिवशी आठपर्यंत निरोप जाणार नाही, त्या दिवशी ती विमान पकडणार आणि बाबांना घेऊन जाणार, कायमचं. दोघांनी मान्य केलं आणि घोंगडं माझ्या गळ्यात पडलं. मोहनेंच्या घराची जादा किल्लीही माझ्याकडेच आली.

महिनोन्महिने सुरळीत चाललं. मग एका सकाळी मी सेट लावला तर आमच्या फ्रीक्वेन्सीवर आधीच कोणीतरी होतं. बोलत कोणी नव्हतं. नुसता पंख्याचा घरघर आवाज आणि मध्येच एक कावळा.

असं होतं कधी कधी. बोलताना माइकचं बटण दाबून ठेवायचं असतं. कोणीतरी माइक गादीवर टाकतो, त्यावर उशी पडते, बटण दाबलेलं राहतं आणि त्याचं घर सगळ्यांच्या घरात ऐकू यायला लागतं. त्याला स्वतःला मात्र काही ऐकू येत नाही, आणि दुसऱ्या कोणाला बोलताही येत नाही. कोणाचा तरी वेंधळेपणा, असं म्हणून मी वैतागून चहा टाकायला वळले.

तेवढ्यात सेटमधून काहीतरी जड पडल्याचा आवाज आला. धप्प. पाठोपाठ एका वयस्कर माणसाचा आवाज, “आई गं!” आणि पुन्हा पंखा.

मी मोहनेंना फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. हजेरीच्या वेळी फोन आतल्या खोलीत ठेवायचा, नाहीतर सेटमध्ये घुरघुर येते, हा त्यांचा शिरस्ता मला ठाऊक होता. पण कुठल्याही शिरस्त्याने त्या वेळी माझं समाधान होणार नव्हतं. एवढ्यात घोडबंदरचा फोन आला. त्याचं मूळचं तिथलंच घराणं, आजोबा मिठागरात राबलेले. आता शेतावर टॉवर झालेत आणि नातवाचा अँटेना आमच्यात सगळ्यांत उंच आहे.

“काकी, आयकलाव ना? मोहनेचे काका तं नाय पडले?”

“तेच वाटतंय रे. फोन उचलत नाहीत.”

“थांबा जरा. मी गच्चीवर हाय, टेप फिरवतंय. तुमी पन फिरवा.”

मी हातातला छोटा सेट आणि टेपचा अँटेना घेऊन गच्चीवर पळाले. जिना चढताना किती देव आठवले सांगत नाही. शिकारीत मी नेहमी घाई करते आणि फसते, म्हणून त्या दिवशी मुद्दाम सावकाश फिरवला. मोहनेच्या दिशेला, म्हणजे कल्याणच्या अंगाला धरला, तर आवाज एकदम मलूल. ठाण्याच्या अंगाला वळवला, तर पंखा कानात घरघरायला लागला. पुन्हा फिरवला. पुन्हा ठाणं.

“खोपट हाय खोपट,” घोडबंदर फोनवर ओरडला. “माझा टेप सरल डेपोवर जातंय. लावतंय त्यांना फोन.”

मी गच्चीच्या कठड्याला टेकले. जे पडले ते मोहने नव्हते, या विचाराने इतकं बरं वाटलं की खोपटची काळजी करायचंसुद्धा राहून गेलं. ती करायची गरजही नव्हती. खोपट स्टुलावर चढून माळ्यावरचा डबा काढत होते, स्टूल कलंडलं आणि ते बुडावर आपटले. मग हातपाय हलवून बघितले, सगळे जागच्या जागी आहेत अशी खात्री केली आणि मलम चोळत गादीवर बसून राहिले. माइक बायकोने झटकून ठेवलेल्या लोडाखाली होता. सेटचा आवाज त्यांनी शेजाऱ्यांसाठी बारीक केलेला, त्यामुळे आज इतकी शांतता का, हा प्रश्नच त्यांना पडला नाही. घोडबंदरच्या फोननंतर त्यांनी लोड उचलला आणि सेटवर आले.

“अरे सॉरी सॉरी! मी पडलेलो ना रे. सगळ्यांनी ऐकलं काय?”

“सगळ्या जिल्ह्यानं आयकला,” घोडबंदर म्हणाला.

मी दोघांनाही गप्प केलं आणि गच्चीवरूनच हजेरी सुरू केली. खोपट, हजर. घोडबंदर, हजर. मोहने.

मोहने.

मोहने, डोंबिवली हाक मारतेय, ऐकू येतंय का?

फ्रीक्वेन्सी आता स्वच्छ होती. पंखा नाही, कावळा नाही, काही नाही. खाली जाऊन मोठ्या सेटवरून बोलावलं, तरी उत्तर नाही. घोडबंदरने त्याच्या उंच अँटेनावरून हाका मारल्या. एरवी साडेसातच्या आधीच सेटसमोर बसणारा माणूस. मी पुन्हा फोन लावला, तो वाजून वाजून बंद झाला. आता मात्र माझं धाबं दणाणलं. मघाशी निदान कोणाचा तरी आवाज होता. मी किल्ली घेतली, पायात चपला सरकवल्या. रिक्षाने मोहने गाठायचं म्हणजे वाटेत कल्याणचे सगळे चौक, आणि आठ वाजायला आले होते. ते जमिनीवर पडलेले असतील तर काय करायचं, आणि लेकीला काय सांगायचं, हे दोन्ही मी एकाच वेळी ठरवत होते आणि दोन्ही ठरत नव्हतं.

दारातच फोन वाजला. लेकच होती.

“काकू, आज निरोप नाही आला. बाबा...?”

खोटं बोलावं असं क्षणभर मनात आलं. पण मला ते जमत नाही, तोंडावर नाही आणि फोनवर तर नाहीच. मी सगळं सांगून टाकलं. खोपटचा माइक अडकला, हजेरी खोळंबली, आता सगळं मोकळं झालंय पण बाबा उत्तर देत नाहीत, मी निघालेच आहे.

मग तिने विचारलं, “काकू, तुम्ही वर गेला होतात का?”

“हो गं, गच्चीवरूनच आले आत्ता.”

“गच्ची नाही हो. वरची फ्रीक्वेन्सी. फ्रीक्वेन्सी अडली तर एक घर वर जायचं, हजेरी तिथे घ्यायची, आणि ती संपल्याशिवाय खाली यायचं नाही. नाहीतर एक वर, एक खाली, अशी चुकामूक होते. बाबा मला लहानपणी जेवताना सांगायचे हे. शाळेत पाढे आणि घरी हे.”

मी चपलांसकट सेटकडे धावले आणि बटण एक घर वर फिरवलं.

“...घोडबंदर. घोडबंदर, ऐकू येतंय का?” मोहनेंचा आवाज. शांत, खणखणीत, पुस्तकी. “नाही. डोंबिवली. डोंबिवली, आपण आहात का?” मग त्यांनी वाट बघितली. प्रत्येक नावानंतर ते तेवढंच थांबत होते, कोणी माइक शोधत असेल तर त्याला वेळ मिळावा म्हणून. “डोंबिवलीही नाही. ठीक आहे. पुन्हा पहिल्यापासून घेऊ. खोपट.”

माझा जीव भांड्यात पडला. मी मटकन खुर्चीत बसले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही मेजरिंग टेप घेऊन. साडेसातपासून तो माणूस नियमाप्रमाणे एक घर वर जाऊन बसला होता. आम्ही बाकीचे खाली खोपटचा पंखा ऐकत होतो, गच्च्या चढत होतो, आणि दर वर्षी वाचलेला तो नियम एकालाही आठवला नव्हता. मला हसू येत होतं आणि डोळेही पुसावे लागत होते.

मी फोन सेटच्या स्पीकरला लावला आणि माइक उचलला. पलीकडून लेक घाईने म्हणाली, “थांबा काकू. एक मिनिट. बोलू द्या त्यांना.”

आम्ही दोघी ऐकत राहिलो. खोपट. घोडबंदर. डोंबिवली. त्या बारक्या थांबण्यांत पलीकडे तिचं नाक ओढणं मला ऐकू येत होतं. मग मला राहवेना.

“मोहने, डोंबिवली हजर.”

“अहो, कुठे होता तुम्ही!” आवाज एवढा चढलेला मी कधी ऐकला नव्हता. “कोणीच उत्तर देत नाही म्हणजे काय? मी सदरा चढवून बसलोय. ही फेरी झाली की रिक्षा करून तुमच्याकडेच निघणार होतो. एकट्या असता तुम्ही, घरात पडलात-बिडलात तर कळणार कोणाला?”

इतके महिने मी समजत होते की ही हजेरी मी त्यांची घेते.

“मी बरी आहे,” मी म्हटलं. “सगळे बरे आहेत. खोपट पडले, तेही बरे आहेत.”

“नियम वाचतो तेव्हा तुम्ही लोक वडे खाता,” ते म्हणाले. मग खालच्या पट्टीत, “आठ वाजून गेले. लेकीला निरोप गेला नसेल.”

फोनवर लेक म्हणाली, “काकू, मी बाबांसाठी इथे मोठं घर बघत होते. गेल्या आठवड्यात एक पसंतही केलं होतं.” ती रडत होती की हसत होती, मला कळलं नाही. “ते काही नको आता. इथे आणलं तर बाबा हजेरी कोणाची घेतील? त्यांना म्हणावं, राहा तिथेच.”

मी माइकचं बटण दाबलं. “मोहने, ती फोनवर आहे. तिने सगळं ऐकलंय. म्हणते, बाबांना म्हणावं, राहा तिथेच.”

सेटवरचा छोटा हिरवा दिवा लागला, म्हणजे मोहनेंनी बटण दाबलं होतं. पण शब्द काही आला नाही. बोलायचं नसेल तर बटण दाबून फ्रीक्वेन्सी अडवू नये, हाही त्यांचाच नियम. दिवा बराच वेळ तसाच लागून राहिला आणि मी त्यांना टोकलं नाही.